कोण होत्या हंसा मेहता? मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातला शब्द बदलायला लावणाऱ्या कुलगुरू

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन साजरा होतो. १९४८ मध्ये याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात आधी ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्यांच्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले, त्याचे श्रेय प्रामुख्याने हंसा मेहता यांना दिले जाते.

हा बदल का महत्त्वाचा होता?
‘मेन’ या शब्दात स्त्रियाही येतात, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. पण काही देश याच शब्दाचा आधार घेऊन स्त्रियांना हक्कांतून वगळतील, ही मेहता यांची भीती होती. मानवी हक्क आयोगात तेव्हा एलिनॉर रुझवेल्ट आणि मेहता या दोनच महिला प्रतिनिधी होत्या.

सुरतेपासून संविधान सभेपर्यंत
हंसा मेहता यांचा जन्म १८९७ मध्ये सुरतेत झाला. बडोद्यात तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. डॉ. जीवराज मेहता यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवासही भोगला. अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार करण्यात पुढाकार घेतला. शिक्षण, वेतन, मालमत्ता आणि विवाह कायद्यात समानता, या त्यातल्या मागण्या. त्या संविधान सभेच्या सदस्यही होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने त्यांनी सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला.

महाराष्ट्राशी काय नाते?
१९४६ मध्ये त्या मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठाला तेव्हा वैधानिक मान्यताही नव्हती. ती १९५१ मध्ये मिळाली. म्हणजे जगाच्या व्यासपीठावर स्त्रियांच्या समानतेसाठी भांडणाऱ्या मेहता यांना मुलींच्या पदवीची किंमत काय धरली जाते, हे जवळून माहीत होते.

१९४९ मध्ये त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मुले-मुली एकत्र शिकणाऱ्या भारतीय विद्यापीठाचे कुलगुरूपद स्त्रीकडे येण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज विद्यार्थिनींनी हे का जाणून घ्यावे?
प्रवेशाचे नियम, वसतिगृहाची वेळ किंवा तक्रार समितीची नियमावली वाचताना आपण त्यात आहोत का, की गृहीत धरलेलो आहोत, हा प्रश्न विचारता येतो. मेहता यांनी जाहीरनाम्याच्या मसुद्याला हाच प्रश्न विचारला होता. बडोदा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.