महाकवी मधुसूदन दत्त

बंगालमधील जेसोर जिल्ह्यात कपोताक्ष नावाची नदी आहे. तिच्या तीरावर सागरदाडी हे गाव वसले आहे. हा भाग आता बांगलादेशात मोडतो. याच गावी २५ जानेवारी १८२४ रोजी मधुसूदन दत्त यांचा जन्म झाला. त्यांचे वडील राजनारायण दत्त हे कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीत वकिली करीत. घरी कशाचीच उणीव नव्हती. आई जान्हवीदेवी रामायण-महाभारतातील कथा सांगत आणि लहानगा मधुसूदन त्या तन्मयतेने ऐकत असे.

पुढे वडिलांनी त्याला कलकत्त्यास नेले व हिंदू कॉलेजात घातले. १८१७ साली स्थापन झालेली ही संस्था त्या काळी इंग्रजी विद्येचे मोठे केंद्र होती. तेथे डेव्हिड लेस्टर रिचर्डसन हे साहित्य शिकवीत. ते स्वतः कवी होते. शेक्सपिअरची नाटके ते अशा रसाळपणे शिकवीत, की विद्यार्थी भारावून जात. मधुसूदनाच्या मनावर या अध्यापनाचा खोल ठसा उमटला. तो इंग्रजीत कविता करू लागला. स्त्रीशिक्षणावरील निबंधाबद्दल त्याला सुवर्णपदकही मिळाले. आपण इंग्लंडला जावे आणि तेथील थोर कवींच्या मालिकेत जाऊन बसावे, हा एकच ध्यास त्याने घेतला. आपल्या कविता तो इंग्लंडमधील मासिकांकडेही पाठवीत असे. मातृभाषेत काही लिहावे, असे मात्र त्याला तेव्हा वाटत नव्हते.

याच सुमारास घरी त्याच्या विवाहाची बोलणी सुरू झाली. हा विवाह त्याला मान्य नव्हता. फेब्रुवारी १८४३ मध्ये त्याने घर सोडले आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता त्याचे नाव मायकेल मधुसूदन दत्त झाले. हिंदू कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. त्यामुळे त्याचे ते आवडते विद्यालय सुटले. मग त्याने शिवपूर येथील बिशप्स कॉलेजात नाव घातले. तेथे ग्रीक, लॅटिन व संस्कृत या तीन प्राचीन भाषांचा त्याने कसून अभ्यास केला. होमर, व्हर्जिल आणि वाल्मीकी यांच्या महाकाव्यांची दारे त्यामुळे त्याच्यापुढे उघडली. वडील काही काळ त्याचा खर्च चालवीत होते. पुढे तोही बंद झाला.

१८४८ साली मधुसूदन मद्रासला गेले. तेथे एका शाळेत ते शिक्षक झाले. महाविद्यालय सुटले, तरी त्यांचे अध्ययन सुटले नाही. सकाळी सहा ते आठ हिब्रू, आठ ते बारा शाळा, बारा ते दोन ग्रीक, दोन ते पाच तेलुगू व संस्कृत, पाच ते सात लॅटिन आणि रात्री दहापर्यंत इंग्रजी, असा त्यांचा नेम होता. १८४९ साली त्यांनी आपले इंग्रजी काव्य प्रसिद्ध केले. कलकत्त्यातील शिक्षणखात्याचे एक प्रमुख जॉन बेथ्यून यांच्याकडेही त्याची प्रत गेली. बेथ्यून यांनी निराळाच सल्ला दिला. परभाषेत लिहिण्यापेक्षा या बुद्धिमान तरुणाने आपली विद्या स्वतःच्या भाषेच्या सेवेला लावावी, असे त्यांनी कळविले. मधुसूदनांच्या महत्त्वाकांक्षेला हा मोठाच धक्का होता. परंतु बंगालीची ओढ त्यांच्या मनात जागी होऊ लागली होती. आपले बालमित्र गौरदास बसाक यांच्याकडून त्यांनी त्याच वर्षी बंगाली रामायण आणि महाभारत मागविले होते.

१८५६ साली ते कलकत्त्यास परतले. तोवर आईवडील निवर्तले होते. पोलीस कोर्टात त्यांना नोकरी मिळाली. दोन वर्षांनी बेलगाछियाच्या रंगभूमीसाठी ‘रत्नावली’ नाटकाचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम त्यांच्याकडे आले. बंगालीत चांगली नाटके नाहीत, हे तेव्हा त्यांना तीव्रतेने जाणवले. ती उणीव भरून काढण्यासाठी महाभारतातील कथा घेऊन त्यांनी ‘शर्मिष्ठा’ हे नाटक लिहिले. ते १८५९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे जशी ओवी, तसे बंगालीत पयार हे जुने लोकप्रिय वृत्त आहे. त्यातील चरणांच्या शेवटी यमक साधलेले असते. यमकाशिवाय बंगाली काव्य होणार नाही, असे जतींद्रमोहन टागोर यांचे मत होते. मधुसूदनांनी ते आव्हान स्वीकारले. काव्य साधले तर छपाईचा खर्च आपण करू, असे जतींद्रमोहनांनी कबूल केले. मधुसूदनांनी पयारातील चौदा अक्षरे कायम ठेवली. यमक मात्र सोडून दिले आणि वाक्य एका चरणातून दुसऱ्या चरणात मोकळेपणाने वाहू दिले. अशा रीतीने १८६० साली ‘तिलोत्तमासंभव’ काव्य प्रसिद्ध झाले आणि जतींद्रमोहनांनी आपला शब्द पाळला.

पुढच्याच वर्षी त्यांचे ‘मेघनादवध’ हे नऊ सर्गांचे महाकाव्य प्रकाशात आले. मेघनाद म्हणजे रावणाचा पुत्र इंद्रजित. आईच्या तोंडून ऐकलेली कथा, संस्कृतातील शब्दसंपत्ती आणि पाश्चात्त्य महाकाव्यांचा भव्य आवाका यांचा या काव्यात संगम झाला आहे. त्यामुळे मधुसूदन बंगालीचे महाकवी ठरले.

१८६२ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. लहानपणीची इच्छा पुरी झाली. पण लवकरच पैशाची भयंकर अडचण आली. फ्रान्समधील व्हर्साय येथे कुटुंबासह त्यांचे फार हाल झाले. तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी कलकत्त्याहून पैसे पाठवून त्यांना सावरले. त्या दारिद्र्यातही मधुसूदनांनी बंगालीत सुनीते रचली. त्यांतील एक कपोताक्ष नदीवर आहे.

बॅरिस्टर होऊन ते १८६७ साली स्वदेशी परतले; परंतु संसाराची घडी काही बसली नाही. द्रव्य हाती टिकत नसे आणि प्रकृतीही ढासळली. २९ जून १८७३ रोजी कलकत्त्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

तरुणपणी मधुसूदनांनी परभाषांचे साहित्य मनापासून अभ्यासले. ते ज्ञान त्यांनी पुढे मातृभाषेच्या पदरात घातले आणि बंगाली काव्याला नवी वाट दाखविली.