जेम्स वेल्स : दरबार, लेणी आणि एक नाक

वाकोला, अंधेरी, बोरिवली ही मुंबईची आजची उपनगरे पूर्वीच्या साष्टी बेटाचा भाग होत. या बेटावरील लेण्यांची रेखाटने करण्यात गुंतलेला असताना, नोव्हेंबर १७९५ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मृत्यू पावला. तापाने त्याचा अंत झाला, असे मानले जाते. कला आणि शास्त्रीय चित्रण यांचा संबंध समजून घेण्यासाठी त्याचे चरित्र आपणांस उपयुक्त ठरेल.

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. १७९१ मध्ये तो मुंबईस आला आणि पुढे पुण्यात पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे त्याने रंगविली. वेरूळच्या लेण्यांच्या चित्रणात पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांचे त्याला साहाय्य लाभले.

त्याच्या एका वेगळ्या चित्राकडे मात्र तुम्ही विशेष लक्ष द्यावे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात कावसजी हा इंग्रज सैन्यातील बैल हाकणारा पकडला गेला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळील एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्यावर नाकाचे माप घ्यावयाचे, ते कपाळावर पसरून तेवढी त्वचा आखावयाची आणि ती सोडवून खाली वळवावयाची, अशी ही रीत होती. भुवयांमधील त्वचेचा देठ रक्तपुरवठ्यासाठी तसाच राखला जाई व नवे नाक जगल्यावर कापला जाई.

शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, वेल्सने कावसजीचे चित्र काढले. त्यात कपाळावरील व्रण झाकलेला नाही आणि चेहऱ्याला खोटे सौंदर्यही दिलेले नाही. त्या चित्रावरून केलेली छापील प्रत व शस्त्रक्रियेचे वर्णन त्याच वर्षी लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तीच रीत वापरली आणि १८१६ मध्ये आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

पेशव्याचा चेहरा रंगविणाऱ्या हातानेच एका सामान्य माणसाचा व्रणही तितक्याच निष्ठेने टिपला, हे वेल्सचे मोठेपण. तथापि, एक गोष्ट आपण विसरता कामा नये. चित्रकाराचे नाव राहिले, लंडनच्या वैद्याचेही राहिले. ज्याच्या हातात ती विद्या होती, त्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. विद्या एकाची आणि नोंद दुसऱ्याची असते, तेव्हा इतिहासात कोण उरतो, याचा विचार हे चित्र पाहताना तुम्ही अवश्य करावा.