रॉबर्ट कॉख

पुण्याच्या पश्चिमेला पाषाणच्या पुढे गेले, की सूस हे गाव लागते. पूर्वी ते मुळशी तालुक्यातील एक लहान खेडे होते. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत सामील झाले. समजा, या गावातील एका घरात आजोबांना दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे. संध्याकाळी बारीक ताप येतो. वजन घटत चालले आहे. आरोग्यसेविका त्यांना सरकारी दवाखान्यात नेते. तेथे त्यांची थुंकी तपासतात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले, तर औषध मोफत सुरू होते.

क्षय म्हणजे टी.बी. हिंदीत त्यालाच तपेदिक म्हणतात. हा रोग जंतूंमुळे होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण हे प्रथम कोणी शोधून काढले? ज्यांनी शोधले, त्या रॉबर्ट कॉख यांची ही गोष्ट आहे.

रॉबर्टचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या गावी झाला. त्याचे वडील खाणीच्या खात्यात नोकरीला होते. घरात भावंडे पुष्कळ होती. रॉबर्टला दगड, कीटक आणि वनस्पती गोळा करण्याचा छंद होता. पुढे त्याने गटिंगेन येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली तो डॉक्टर झाला.

१८७२ साली डॉक्टर कॉख व्होलश्टाइन या लहानशा गावी सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले. तेथे मोठी प्रयोगशाळा नव्हती, की मोठे ग्रंथालय नव्हते. त्यांच्याजवळ एक सूक्ष्मदर्शक होता. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात घरातल्याच एका खोलीत प्रयोग करायचे, असा त्यांचा नेम होता. त्या भागात गुराढोरांना अँथ्रॅक्स हा रोग होत असे. मेलेल्या जनावरांच्या रक्तात त्यांना काडीसारखे जंतू दिसले. सुईऐवजी लाकडाच्या बारीक काडीने त्यांनी ते रक्त उंदरांना टोचले. उंदरांनाही तोच रोग झाला. एक विशिष्ट रोग एका विशिष्ट जंतूमुळे होतो, हे त्यांनी १८७६ साली सिद्ध करून दाखवले. खेड्यातला डॉक्टर एकदम प्रसिद्धीस आला. १८८० साली त्यांना बर्लिनला बोलावणे आले.

आता त्यांनी क्षयरोगाकडे लक्ष वळवले. त्या काळी हा रोग घराण्यातून येतो, असे पुष्कळांना वाटे. कॉख यांना ते पटत नव्हते. परंतु जंतू दिसत कुठे होता? तो अतिशय बारीक असतो आणि साध्या रंगाने रंगत नाही. कॉख यांनी रंगाच्या अनेक रीती करून पाहिल्या. अखेर एका रीतीने निळ्या रंगाच्या बारीक काड्या दिसल्या. मग ते जंतू शरीराबाहेर वाढवायचे होते. इतर जंतूंची वाढ एक-दोन दिवसांत डोळ्यांना दिसते. क्षयाच्या जंतूंची वाढ दिसायला मात्र आठवडे लागतात. दुसऱ्या कोणी कंटाळून नळ्या फेकून दिल्या असत्या. कॉख वाट पाहत राहिले. वाढवलेले जंतू गिनिपिग या प्राण्यांना टोचल्यावर त्यांना क्षय झाला. पुरावा पुरा झाला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमधील एका सभेत त्यांनी आपला शोध जाहीर केला. त्या वेळी सात मृत्यूंपैकी एक मृत्यू क्षयाने होत असे. म्हणूनच २४ मार्च हा दिवस आज जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

मित्रांनो, शत्रू कोण हे कळले, म्हणजे लढाई जिंकली असे होत नाही. तुम्ही डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव ऐकले असेल. अमेरिकेत जाऊन त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या. परंतु त्यांना क्षय झाला आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जंतूचा शोध लागून पाच वर्षे होत आली होती, पण औषध कोणाजवळच नव्हते.

औषध शोधण्याची ओढ कॉख यांनाही होती. १८९० साली त्यांनी ट्युबरक्युलिन नावाचा पदार्थ तयार केला आणि त्याने क्षय बरा होईल, अशी आशा जगापुढे मांडली. तो कशापासून केला, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. देशोदेशीचे रोगी बर्लिनला धावले. पण रोगी बरे होईनात. काहींची प्रकृती अधिक बिघडली, काही दगावले. कॉख यांच्या कीर्तीला मोठा धक्का बसला. पुरता पुरावा हाती येण्यापूर्वी बोलण्याची घाई त्यांना भोवली. ज्यांनी पूर्वी इतका धीर धरला, त्यांच्याच हातून ही चूक झाली. मात्र ट्युबरक्युलिन वाया गेले नाही. पुढे क्षयाचा संसर्ग झाला आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला.

कॉख यांनी काम थांबवले नाही. पूर्वी १८८४ साली त्यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला होता. १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ असताना ते जर्मन डॉक्टरांच्या पथकाचे प्रमुख म्हणून आपल्या मुंबईतही आले होते. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

क्षयावरचे पहिले गुणकारी औषध त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४३ साली अमेरिकेत सापडले. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिन. पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यातही पुढे ते तयार होऊ लागले. सुरुवातीला रोगी झपाट्याने सुधारत. पण काही महिन्यांत कित्येकांचा रोग उलटे. असे का होई?

रोग्याच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतले अगदी थोडे जंतू असे निघतात, की एखादे औषध त्यांना मारू शकत नाही. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हे चिवट जंतू उरतात. मग त्यांचीच संख्या वाढते. म्हणून डॉक्टर एकाच वेळी अनेक औषधे देऊ लागले. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्या औषधाने मरतो. हा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो. मधेच गोळ्या सोडल्या, तर चिवट जंतूंना रान मोकळे मिळते.

हा धोका किती मोठा आहे, ते २०१२ साली दिसून आले. तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारा क्षय काही रोग्यांत आढळल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला कळवले. त्यानंतर नवी औषधे आली आहेत. तरीही जंतू त्यांनाही जुमानेनासे होऊ नयेत, याची काळजी घ्यावीच लागते.

आता सूसच्या त्या आजोबांकडे परत येऊ. दोन महिन्यांत त्यांचा खोकला थांबला. भूक लागू लागली. आता गोळ्या कशाला, असे त्यांना वाटू लागले. अशा वेळी घरातल्या नातवाने किंवा नातीने काय करावे? कॉख नळ्यांजवळ आठवडेच्या आठवडे वाट पाहत बसले होते. तसाच धीर धरून रोज वेळेवर गोळी आणि पाणी आजोबांच्या हाती द्यावे. शेवटची गोळी संपेपर्यंत द्यावे. हे काम तुम्हालाही करता येण्यासारखे आहे.