‘मॅच झाला’ म्हणजे नक्की काय? माणसं मोजणाऱ्या आल्फाँस बर्तियाँची गोष्ट

फोनच्या सेन्सरवर अंगठा ठेवला की क्षणात लॉक उघडतं. आत काय होतं माहीत आहे? फोन तुमच्या ठशातल्या खुणांची आधी सेव्ह केलेल्या नमुन्याशी तुलना करतो, किती जुळलं याचा एक स्कोअर काढतो, आणि तो स्कोअर ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर दार उघडतो. आपल्याला स्क्रीनवर ‘हो’ किंवा ‘नाही’ दिसतं, पण आत असतं ‘बहुतेक’. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि लॉगिन-व्हेरिफिकेशनचं काम करतो. ही मर्यादा किती ठेवायची यावर आमच्या टीममध्ये तासन्‌तास वाद होतात. सैल ठेवली तर परका माणूस आत येतो, कडक ठेवली तर मालकच बाहेर अडकतो.

फोन चुकला तर आपण पिन टाकतो आणि विषय संपतो. कोर्टात हीच चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो. म्हणून आज एका अशा माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याने ‘शरीर मोजा आणि ओळख पटवा’ ही पद्धत पोलिसांच्या कामात पहिल्यांदा व्यवस्थित बसवली आणि ज्याच्या साक्षीमुळे एका निरपराध माणसाच्या बरबादीला हातभारही लागला. त्याचं नाव आल्फाँस बर्तियाँ.

डॉक्टरांच्या घरातला ‘वाया गेलेला’ मुलगा

बर्तियाँचा जन्म १८५३ सालचा, पॅरिसचा. घर हुशारांचं. वडील लुई-आदोल्फ डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ. थोरला भाऊ जाक हाही डॉक्टर. या जाकने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली. आज जगभरातली हॉस्पिटलं मृत्यूचं कारण लिहिताना जे आयसीडी कोड वापरतात, त्यांचं मूळ त्या यादीत आहे. म्हणजे एक भाऊ मेलेल्यांचं वर्गीकरण करत होता आणि दुसरा पुढे जिवंत माणसांचं करणार होता.

पण आल्फाँसचं शाळेत कधी जमलं नाही. त्याला शाळेतून काढून टाकलं, मग तो काही काळ इंग्लंडमध्ये राहिला, सैन्यात जाऊन आला. शेवटी १८७९ मध्ये वडिलांनी ओळख लावून त्याला पॅरिस पोलिसांच्या मुख्यालयात कारकून म्हणून चिकटवलं. पगार कमी, काम कंटाळवाणं: अटक झालेल्यांच्या वर्णनाची कार्डं उतरवून काढायची.

पोलिसांचा सर्च चालतच नव्हता

कार्डं लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की ही सगळी मेहनत पाण्यात जाते आहे. वर्णनं कशी? उंची मध्यम, चेहरा साधारण. अशा वर्णनात अर्धं पॅरिस बसेल! फोटो होते, पण प्रत्येक फोटो वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या कोनातून काढलेला. आणि कार्डं लावलेली नावावरून. पकडलेल्या माणसाने नाव खोटं सांगितलं की सर्च संपला. त्यात १८७१ च्या उठावात पॅरिसच्या जुन्या जन्मनोंदी जळून गेल्या होत्या, त्यामुळे नाव खरं की खोटं हे तपासणंही अवघड.

ओळख पटण्याला कायद्यात मोठं वजनही येत होतं. सराईत गुन्हेगाराला डाग देण्याची जुनी पद्धत फ्रान्सने १८३२ मध्येच बंद केली होती. पुढे १८८५ मध्ये कायदा आला, की वारंवार गुन्हे करणाऱ्याला दूरच्या वसाहतीत कायमचं पाठवायचं. म्हणजे ‘हा तोच माणूस आहे का?’ या एका प्रश्नावर कुणाचं तरी उरलेलं आयुष्य ठरणार होतं.

११ मापांचा अल्गोरिदम

घरी वडिलांकडे कवट्या आणि हाडं मोजायची उपकरणं होती, मानववंशशास्त्राच्या गप्पा रोजच्या होत्या. तिथून बर्तियाँने एक साधी गोष्ट उचलली: मोठ्या माणसाच्या हाडांची मापं सहसा बदलत नाहीत. मग त्याने ११ मापं ठरवली. उंची, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, बसल्यावरची उंची, डोक्याची लांबी आणि रुंदी, गालांमधली रुंदी, उजव्या कानाची लांबी, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट, करंगळी आणि कोपरापासून पुढचा हात.

पण खरी कमाल मापांत नव्हती, कार्डं लावण्यात होती. डोक्याच्या लांबीवरून तीन गट: लहान, मध्यम, मोठं. प्रत्येक गटात डोक्याच्या रुंदीवरून पुन्हा तीन. मग मधलं बोट, मग पुढचं माप. शेवटच्या खणात मोजकीच कार्डं उरायची. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने डेटाबेसला इंडेक्स लावला. कॉम्प्युटर नसताना, लाकडी कपाटात!

पहिल्या साहेबाने हा प्रकार हसण्यावारी नेला. पुढच्या साहेबाने १८८२ च्या अखेरीस तीन महिने ट्रायल दिली. फेब्रुवारी १८८३ मध्ये द्युपाँ असं नाव सांगणाऱ्या एका माणसाची मापं घेतली आणि ती मार्तँ नावाच्या जुन्या कैद्याच्या कार्डाशी जुळली. माणसाने कबूलही केलं. १८८४ या एका वर्षात असे २४१ जण सापडले. १८८८ मध्ये बर्तियाँ ओळख विभागाचा प्रमुख झाला. एक फोटो समोरून आणि एक बाजूने, हा पोलिसांचा ठरलेला फॉरमॅट त्याने पक्का केला. गुन्ह्याच्या जागेचे मोजमापासह फोटो काढायची शिस्तही त्यानेच लावली. १८९२ मध्ये बॉम्बस्फोट घडवणाऱ्या राव्हाशोलची खरी ओळख मापांनी पटली आणि बर्तियाँचं नाव सगळीकडे झालं.

हिशोबातली फट

आता थोडं गणित. एखादं माप दुसऱ्या माणसाशी योगायोगाने जुळण्याची शक्यता चारात एक धरा. ११ मापं जुळायची तर चारचा अकरा वेळा गुणाकार, म्हणजे ४१,९४,३०४ मध्ये एक. ऐकायला जबरदस्त वाटतं ना?

पण हा गुणाकार तेव्हाच बरोबर, जेव्हा प्रत्येक माप दुसऱ्यापासून स्वतंत्र असतं. उंच माणसाचे हात लांब असतात, पाऊलही मोठं असतं. म्हणजे ११ मापांमध्ये खरी माहिती ११ मापांइतकी नाहीच. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने नेमकी ही फट हेरली आणि १८८८ मध्ये दोन मापांमधला संबंध मोजायची पद्धत मांडली. आज मशीन लर्निंग शिकताना पहिल्याच आठवड्यात जे ‘कोरिलेशन’ भेटतं, ते हेच. शिवाय वाढत्या वयाच्या मुलांना ही पद्धत लागू पडत नव्हती, आणि माप घेणाऱ्याचा हात सैल-घट्ट झाला की आकडा बदलायचा.

दरम्यान बोटांचे ठसे पुढे आले, आणि इथे आपल्या देशाचा थेट संबंध येतो. बंगालचे पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री आधी बर्तियाँचीच पद्धत वापरत होते. मग त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवायला मोठं काम केलं आणि १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा ब्युरो सुरू झाला.

बर्तियाँनेही आपल्या कार्डांवर काही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली होती. १९०२ मध्ये पॅरिसमधल्या एका खुनात फुटलेल्या काचेवरच्या ठशांवरून त्याने शेफेर नावाच्या गुन्हेगाराला शोधून काढलं. युरोपात ठशांवरून खुनी सापडल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. तरी मापांवरचा त्याचा विश्वास काही सुटला नाही.

ड्रेफस प्रकरण: मोजणारा जेव्हा अंदाज बांधतो

आता आठ वर्षं मागे जाऊ. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्याला एक कागद सापडला. कुणीतरी जर्मनांना लष्करी गुपितं पुरवत होतं. संशय आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर गेला. बँक ऑफ फ्रान्सच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं की हे दुसऱ्या कुणाचंही अक्षर असू शकतं. मग कागद बर्तियाँकडे आला. तो हस्ताक्षराचा तज्ज्ञ नव्हता, पण त्याचं नाव मोठं होतं. त्याने निकाल दिला: अक्षर ड्रेफसचंच.

जिथे अक्षर जुळत होतं तो पुरावा झालाच. जिथे जुळत नव्हतं तिथे बर्तियाँ म्हणाला की ड्रेफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली आहे, म्हणजे पकडलं तर बनावट आहे असं सांगता येईल. बघा, जुळलं तरी दोषी आणि नाही जुळलं तरी दोषी! ज्या टेस्टचं उत्तर कधी ‘नाही’ येऊच शकत नाही, तिला टेस्ट म्हणत नाहीत.

पुढे आकडे आले, आकृत्या आल्या. त्यातला घोटाळा सोप्या हिशोबात असा. समजा, एका ठिकाणी अक्षर योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.२ आहे. चार ठिकाणी जुळलं तर ०.२ चा चार वेळा गुणाकार, ०.००१६. म्हणजे योगायोग जवळजवळ अशक्य! पण तुम्ही तपासल्या २६ जागा आणि त्यातल्या कुठल्याही चार जुळल्या, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता जवळपास ०.८ निघते. प्रश्न बदलला की उत्तर कुठून कुठे जातं, बघा.

ड्रेफसला एकट्या बर्तियाँमुळे शिक्षा झाली नाही. ज्यूद्वेष होता, आणि बचावपक्षाला न दाखवता न्यायाधीशांपुढे ठेवलेली गुप्त फाइल होती. पण विज्ञानाचा शिक्का बर्तियाँने दिला. ड्रेफसने डेव्हिल्स आयलंडवर चार वर्षं काढली. खरं अक्षर एस्तेराझी नावाच्या अधिकाऱ्याचं होतं. १८९९ च्या फेरसुनावणीतही बर्तियाँने आपलंच घोडं पुढे दामटलं, आणि कोर्टाने ड्रेफसला पुन्हा दोषी ठरवलं. नंतर माफी मिळाली, पण कलंक राहिला. अखेर १९०४ मध्ये आंरी प्वाँकारे, गास्तों दार्बू आणि पॉल आपेल या तीन नामांकित गणितज्ञांनी बर्तियाँचं काम तपासलं आणि त्याला काडीचीही शास्त्रीय किंमत नाही असा अहवाल दिला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला.

मोनालिसा आणि चुकीचा इंडेक्स

ऑगस्ट १९११ मध्ये लूव्हरमधून मोनालिसा चोरीला गेली. चित्रावरच्या काचेवर ठसा मिळाला. चोर व्हिन्चेंझो पेरूजा याला पोलिसांनी आधी पकडलेलं होतं, त्याची नोंद दप्तरात होती. पण कपाटं लावलेली शरीराच्या मापांवरून! नुसता एक ठसा घेऊन शोधायची सोयच नव्हती. डेटा घरात असून उपयोग झाला नाही. चित्र डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला सापडलं, तेही पेरूजा ते विकायला गेला म्हणून. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९१४ मध्ये, बर्तियाँ वारला. मापांची पद्धत त्याच्यानंतर फार टिकली नाही, सगळीकडे ठसे आले.

आज आपल्याकडे

पद्धत गेली, पण ती कल्पना कायद्यात जिवंत आहे. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की आरोपीकडून ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. २०२२ मध्ये १९२० चा जुना कैदी ओळख कायदा जाऊन नवा आला. त्यात ठशांसोबत बुबुळ, रेटिना, रक्तासारखे जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षर हे सगळं ‘मापं’ या शब्दात बसवलं आहे, आणि नोंद ७५ वर्षं ठेवता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत आहे.

हे चांगलंच आहे. मारहाण करून कबुली घेण्यापेक्षा डॉक्टरने रक्ताचा नमुना घ्यावा, लॅबने डीएनए तपासावा आणि न्यायाधीशाने निर्णय द्यावा, हे केव्हाही बरं. पण ही तीन वेगळी कामं आहेत हे विसरायचं नाही. २०१९ मध्ये पट्टू राजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की डीएनएचा अहवालसुद्धा तज्ज्ञाचं मत आहे, आणि त्याचं वजन प्रत्येक केसमध्ये वेगळं असू शकतं. माझ्या मते बर्तियाँच्या आयुष्याचा धडा नेमका हाच. कॅलिपर हातात होता तोपर्यंत तो उपयोगाचा होता, कारण त्याचं माप दुसरा कुणीही पुन्हा घेऊन तपासू शकत होता. ज्या दिवशी त्याचं नावच पुरावा झालं, त्या दिवशी तो धोकादायक झाला.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘ठसा मॅच झाला’, ‘डीएनए जुळला’ किंवा ‘एआयने चेहरा ओळखला’ असं वाचलंत, की तीन प्रश्न विचारा:

१. किती जणांशी तुलना करून ही जुळणी मिळाली? एका संशयिताशी तुलना करणं वेगळं आणि लाखोंच्या डेटाबेसमध्ये शोधणं वेगळं.
२. ही पद्धत किती वेळा चुकते, हे कुणी तिऱ्हाईताने मोजलं आहे का?
३. उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यता होती का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर तो रिपोर्ट कितीही मोठ्या नावाचा असो, फॉरवर्ड करू नका. त्या रिपोर्टमधल्या आरोपीच्या जागी उद्या तुमचा भाऊ किंवा मित्रही असू शकतो.