गुणाकाराचा भागाकार, बेरजेची वजाबाकी : भास्कराचार्यांची उलटी रीत

बीड : पोलीस भरती असो की शिष्यवृत्ती, बुद्धिमत्तेच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला. ‘+’ म्हणजे गुणाकार, ‘÷’ म्हणजे वजाबाकी, तर उत्तर किती? हुशार पोरंही इथं अडखळतात. पण क्रिया बदलून गणित सोडवायची शिस्त भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे.

त्यांचा जन्म शके 1036 म्हणजे इ.स. 1114 चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी लिहून ठेवलंय. काही अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं बीड मानतात, तर काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात.

वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यातलाच अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची लेक, अशी आख्यायिका आहे. या ग्रंथात व्यस्तविधी, म्हणजे उलटी रीत दिली आहे. उत्तर माहीत असेल तर शेवटून मागं यायचं. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ करायचं, आणि उलटही तसंच.

त्यातलं एक उदाहरण बघा. एका संख्येला 3 ने गुणलं, आलेल्याचे पाऊण त्यातच मिळवले, 7 ने भागलं, तिसरा हिस्सा वजा केला, वर्ग केला, 52 वजा केले, वर्गमूळ काढलं, 8 मिळवले, 10 ने भागलं, उरले 2. आता मागं चला : 20, 12, 144, 196, 14. इथं सांभाळा. तिसरा हिस्सा गेल्यावर 14 उरले, म्हणून 14 चा तिसरा नाही, निम्मा हिस्सा मिळवायचा. मग 21, 147, 84 आणि उत्तर 28.

विशेष म्हणजे तेव्हा आजची + − ही चिन्हं नव्हतीच. छापील पुस्तकात ती जर्मनीत 1489 साली आली. भास्कराचार्यांचं गणित शब्दांत होतं, त्यामुळं क्रिया समजल्याशिवाय पुढं जाताच येत नसे. आजच्या पेपरातला प्रश्न वेगळ्या ढंगाचा आहे, पण लागते तीच सवय. चिन्ह बघून घाई करायची नाही, त्याचा अर्थ आधी पक्का करायचा.

वयाच्या 69 व्या वर्षी, 1183 मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढं नातू चांगदेव यांनी पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. गाव कुठलं हा वाद चालूच राहील. त्यांची रीत मात्र वही-पेन घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाची आहे.