दुर्गयात्री गोनीदा

मंडळाच्या स्मरणिकेत यंदा एका थोर माणसाचे चरित्र असावे, असे ठरले, तेव्हा माझ्या मनात गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचेच नाव आले. वाचक त्यांना प्रेमाने गोनीदा म्हणत. त्यांची पुस्तके दुपारच्या निवांत वेळी मी वाचली आणि घरात बसूनच किती तरी गड चढून आले!

गोनीदांचा जन्म दिनांक ८ जुलै १९१६ रोजी विदर्भात परतवाडा येथे झाला. १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीने देश भारला होता. त्या ओढीने या मुलाने कोवळ्या वयात शाळा आणि घर सोडले. पुढे गाडगे महाराजांचा सहवास घडला. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या त्या संताबरोबर ते हिंडले. संस्कृताचे व वेदान्ताचे अध्ययन केले. नर्मदामाईची परिक्रमाही त्यांनी पायी केली. शाळेत शिकावयाचे राहिले, ते त्यांना रानांनी, नद्यांनी आणि वाटेवरच्या माणसांनी शिकविले. अखेर पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे त्यांनी बिऱ्हाड केले व लेखणीवर संसार चालविला.

निसर्ग आणि इतिहास हे त्यांना दोन वेगळे विषय कधी वाटलेच नाहीत. सह्याद्रीचे गड त्यांनी आयुष्यभर पालथे घातले. राजगडावर तर त्यांचा विशेष जीव. गडावर गेले म्हणजे दरवाजे, टाकी, चोरवाटा ते पाहत. त्याचबरोबर तेथील झाडे, पाखरे, वारा आणि पाऊसही. पायथ्याच्या झोपडीत बसून म्हाताऱ्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकत. त्यातूनच दुर्गांवरची त्यांची पुस्तके झाली आणि कादंबऱ्यांनाही खरी माती लाभली. ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळातला, तर ‘जैत रे जैत’ मधील माणसे ठाकरांच्या वस्तीतली. या दुसऱ्या कादंबरीवरचा १९७७ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल.

आपणां स्त्रियांना जवळची वाटावी, ती ‘पडघवली’. कोकणातले एक गाव हळूहळू कसे ओस पडते, ते तेथली अंबूवहिनी सांगते. परसातली झाडे, देवळातले उत्सव, औषधी पाले, शेजारधर्म, सारे तिला मुखोद्गत आहे. ते वाचून मला उमगले की, गावाचा इतिहास दप्तरांत असतो, तसाच तो बायकांच्या आठवणींतही असतो; आणि ती बाई गेली की तोही जातो.

‘स्मरणगाथा’ या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दिनांक १ जून १९९८ रोजी त्यांनी इहलोकाची यात्रा संपविली.

गोनीदा आपल्या मुलखाला परके नाहीत. ‘मोगरा फुलला’ ही त्यांची कादंबरी ज्ञानदेवांवर आहे, आणि ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव आपल्याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यात आहे. देवगिरीचा किल्ला तर आपण लहानपणापासून पाहतो. पण करमाडचे काय? शेंद्र्याची औद्योगिक वसाहत झाली, समृद्धी महामार्ग झाला. त्याने मुलांना काम मिळाले, हे चांगलेच झाले. तथापि ज्या शेतावर कारखाना उभा राहतो, त्या शेताचे नावही त्याबरोबर पुसले जाते. कोणती विहीर कोणी बांधली, कोणत्या लिंबाखाली कोणता देव होता, हे आज सासूबाईंना ठाऊक आहे. उद्या सुनेला असेल काय?

म्हणून भगिनींनो, माझी एक सूचना आहे. मंडळाने एक जाड वही करावी. प्रत्येकीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला विचारून रानांची, विहिरींची, झाडांची नावे, जुन्या जत्रा व ओव्या तीत लिहाव्यात. गड चढणे सर्वांना साधणार नाही. एवढे मात्र आपणां सर्वांना खचित साधेल.