कार्ल विल्हेल्म शेले

कार्ल विल्हेल्म शेले (९ डिसेंबर १७४२ – २१ मे १७८६) हे जर्मन भाषक स्वीडिश औषधनिर्माते व रसायनशास्त्रज्ञ होते. प्राणवायू व क्लोरीन यांच्या शोधाशी त्यांचे नाव जोडले जाते. त्वचेचा ओलावा टिकवण्यासाठी आज अनेक मलमांत व साबणांत वापरले जाणारे ग्लिसरीनही प्रथम त्यांनीच वेगळे केले.

जीवन

शेले यांचा जन्म तत्कालीन स्वीडिश पोमेरेनियातील स्ट्रालसुंड येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. अकरा भावंडांत ते सातवे होते. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी ते गॉथेनबर्ग येथील एका औषधालयात उमेदवारीस लागले व तेथील ग्रंथ वाचून, त्यांतील प्रयोग रात्री स्वतः करून पाहत रसायनशास्त्र शिकले. पुढे माल्मो, स्टॉकहोम व उप्साला येथे त्यांनी नोकरी केली. उप्सालात प्राध्यापक टॉरबर्न बर्गमन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १७७५ मध्ये स्वीडनच्या रॉयल विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. तेव्हा ते औषधालयातील एक साधे नोकर होते. त्याच वर्षी ते कोपिंग या लहान गावातील औषधालय चालवू लागले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

ग्लिसरीनचा शोध

जखमेवर लावण्याचा शिशाचा लेप तयार करणे हे त्या काळी औषधालयातील नित्याचे काम होते. त्यासाठी ऑलिव्ह तेल व मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) पाण्यासह उकळत. १७७९ च्या सुमारास शेले यांनी लेप बाजूला काढल्यावर उरणारे, एरवी फेकून दिले जाणारे पाणी आटवून पाहिले, तेव्हा त्यांना दाट व गोड द्रव मिळाला. साखरेप्रमाणे त्याचे स्फटिक होत नव्हते. बदामाचे तेल, लोणी, डुकराची चरबी यांपासूनही तोच पदार्थ मिळाल्याने तो सर्व स्निग्ध पदार्थांत असतो हे त्यांनी ओळखले व १७८३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. या पदार्थाला ग्लिसरीन हे नाव पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शव्रल यांनी दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोड असाच आहे.

ग्लिसरीनच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. त्यामुळे त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात ओलावा टिकतो. निव्वळ ग्लिसरीन मात्र त्वचेतीलच पाणी ओढू शकते. हिवाळ्यात ते गुलाबपाण्यात मिसळून लावण्याची घरगुती रीत म्हणूनच योग्य ठरते. त्वचेच्या निगेत वापरले जाणारे लॅक्टिक आम्लही शेले यांनीच १७८० मध्ये आंबट दुधातून वेगळे केले होते.

प्राणवायू व इतर कार्य

शेले यांनी प्राणवायू १७७१-७२ च्या सुमारास मिळवला होता. परंतु त्यांचा हवा व अग्नी यांवरील ग्रंथ १७७७ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान जोसेफ प्रीस्टली यांनी आपला १७७४ मधील शोध जाहीर केल्याने अग्रमान त्यांच्याकडे गेला. फ्लॉजिस्टॉन सिद्धांतावरील श्रद्धेमुळे ज्वलनाचा खरा अर्थ दोघांनाही उमगला नाही. तो लाव्हाझिए यांनी लावला. क्लोरीन (१७७४) हे मूलद्रव्य आहे, हेही शेले यांना कळले नव्हते. प्रयोगातील त्यांचे कौशल्य व सिद्धांतातील मर्यादा यांतील हे अंतर लक्षणीय आहे. सायट्रिक, मॅलिक, यूरिक अशी अनेक आम्ले त्यांनी वेगळी केली.

मृत्यू

नवा पदार्थ चाखून पाहण्याची त्यांना सवय होती. अतिविषारी हायड्रोसायानिक आम्लाच्या चवीचे वर्णनही त्यांनी केले आहे. आर्सेनिक, पारा व शिसे यांच्या सततच्या संपर्काने त्यांची प्रकृती ढासळली असावी, असे मानले जाते. मृत्यूच्या दोन दिवस आधी, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी औषधालयाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी विवाह केला. त्यामुळे औषधालयाचा हक्क तिच्याकडे राहिला. मृत्यूसमयी ते ४३ वर्षांचे होते.